गोंजारताना मांजर का चावते?

मांजर मांडीवर बसलेले असते. डोळे अर्धवट मिटलेले, घुरघुर चालू. आपण एका हाताने वर्तमानपत्र धरून दुसरा हात त्याच्या पाठीवरून फिरवत असतो. अचानक ते मान वळवून हाताला चावते, पुढच्या पंजांनी मनगट धरते आणि दुसऱ्या क्षणी उडी मारून पसार होते. ‘इतके लाड करतो, तरी उलटले!’ असे आपण म्हणतो. घरातल्या लहान मुलाच्या बाबतीत असे दोनदा घडले, की मांजराला पोत्यात घालून लांब सोडून येण्याची भाषा सुरू होते.

या सगळ्या वर्णनातला ‘अचानक’ हा शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. चावण्याआधीच्या अर्ध्या-एक मिनिटात मांजराकडे नीट पाहिले, तर बरेच काही घडलेले दिसते. आधी शेपटीचे टोक हलू लागते, मग सगळी शेपटी आपटू लागते. पाठीवरची कातडी थरथरते. कान बाजूला वळतात किंवा मागे झुकतात. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. अंग ताठ होते, घुरघुर थांबते, मान हाताकडे वळते. ‘आता पुरे’ असे सांगण्याचे हे मांजराचे मार्ग आहेत. त्यांचा उपयोग झाला नाही, की शेवटी दात वापरले जातात.

या खुणा आपल्या लक्षात का येत नाहीत? एक कारण म्हणजे आपण कुत्र्याच्या सवयींवरून मांजराचा अर्थ लावतो. कुत्रा आनंदाने शेपूट हलवतो. मांजराची आपटणारी शेपटी बहुधा अस्वस्थता दाखवते. कुत्रा उताणा होतो तेव्हा पुष्कळदा त्याला पोट खाजवून हवे असते. मांजर उताणे पडते ते त्याला सुरक्षित वाटते म्हणून. पोटाला हात लावा, असे त्याचे म्हणणे नसते. घुरघुर म्हणजे समाधानच, असेही नाही. दुखणाईत मांजरही घुरघुरते.

दुसरा प्रश्न असा, की सुरुवातीला आवडणारा स्पर्श थोड्या वेळाने नकोसा का होतो? आपल्या मनगटाच्या मागच्या बाजूला एकाच जागी दोन मिनिटे बोट फिरवत राहा, म्हणजे थोडी कल्पना येईल. मांजराच्या बाबतीत आणखीही एक गोष्ट आहे. आपल्या घरातील मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. ते एकट्याने राहते आणि एकट्याने शिकार करते. एकत्र राहणारी पाळीव मांजरे एकमेकांना चाटतात, अंग घासतात. पण हे चाटणे मुख्यतः डोके आणि मान एवढ्यापुरते असते. गाल, हनुवटी आणि कपाळाच्या बाजूंना त्यांच्या गंधग्रंथी असतात. डोक्यापासून शेपटीपर्यंत पुन्हा पुन्हा फिरणारा लांबलचक हात त्यांच्या आपसातल्या वागण्यात कुठेच बसत नाही.

इंग्लंडमधील सारा एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांजरांना शरीराच्या आठ वेगवेगळ्या भागांवर गोंजारून पाहिले होते. सर्वांत जास्त नापसंती शेपटीच्या मुळाशी हात लावल्यावर दिसली.

प्रत्येक मांजराची सहनशक्ती सारखी नसते. जन्मानंतर साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिलांना माणसांनी हळुवारपणे हाताळलेले असते, ती पुढे स्पर्शाला अधिक सरावतात. पिलू लहान असताना त्याच्याशी बोटांनी झटापटीचा खेळ खेळला, तर हात म्हणजे चावायची वस्तू हे ते तेव्हाच शिकते. खेळायला दोरी किंवा चिंधीचा गोळा द्यावा.

ज्यांच्या घरी लस टोचलेले, माणसाळलेले मांजर आहे, अशा मुलांना एक निरीक्षण करायला सांगता येईल. मोठे माणूस जवळ असावे. मांजर आपणहून जवळ आले, तरच गालावर किंवा हनुवटीखाली तीन वेळा हात फिरवायचा, मग हात मागे घ्यायचा आणि मनात पाच अंक मोजायचे. मांजर पुढे सरकले, डोके घासू लागले, तर पुन्हा तीन वेळा. ते स्वस्थ बसले किंवा निघून गेले, तर थांबायचे. प्रत्येक वेळी शेपटी, कान आणि कातडी यांची नोंद करायची. वहीत ‘मांजर रागावले’ असे न लिहिता ‘शेपटीचे टोक हलले’ असे लिहावे, यावर भर द्यावा. पहिले अनुमान आहे, दुसरे निरीक्षण. हा फरक मुलांना व्याख्येपेक्षा अशा नोंदींतून लवकर समजतो. रस्त्यावरच्या मांजरांवर हा प्रयोग मुळीच करू देऊ नये.

वर्षानुवर्षे शांतपणे लाड करून घेणारे मांजर एकाएकी हात लावू देईनासे झाले, तर मात्र कारण वेगळे असू शकते. किडलेला दात, कानाचा विकार, भांडणातल्या जखमेत झालेला पू, म्हातारपणी दुखणारे सांधे यांमुळे साधा स्पर्शही वेदना देतो. अशा वेळी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

मांजराने हात धरलाच, तर हिसका देऊ नये. त्याने जखम वाढते आणि निसटू पाहणारी वस्तू ते आणखी घट्ट धरते. हात स्थिर ठेवावा, ते सोडते. मारू नये, मारल्याने ते माणसाच्या हाताला अधिकच घाबरू लागते आणि पुढच्या वेळी इशारा न देताच चावते.

जखम लहान दिसली, तरी मांजराचे बारीक दात खोल जातात आणि तोंडातले जंतू आत सोडतात. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रेबीज मांजरापासूनही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस आणि डॉक्टरांनी सांगितल्यास सीरम, यांनी तो टळतो. ‘घरचेच मांजर आहे, आपणच डिवचले होते’ असे म्हणून थांबू नये. ओरखडा किंवा चावा लपवून ठेवल्याबद्दल मुलाला रागावायचे नाही, हेही पालकांना सांगायला हवे. रागावण्याच्या भीतीने मूल पुढच्या वेळी तो दाखवणारच नाही.