व्रत न मोडता गाजलेला गळा

शाळेच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीपुढे, नाहीतर भोंडल्याच्या फेरात तुमचा आवाज सगळ्यांत वर लागायचा, आठवतंय ना? मग लग्न झालं, मुलंबाळं झाली आणि गाणं राहिलं ते फक्त देवघरापुरतं. कुणी आग्रह केलाच तर आपण म्हणतो, "छे हो, आमचं आपलं देवाचं गाणं. ते चारचौघांत कोण ऐकणार?"

खरंच कुणी ऐकत नाही का? आज अशाच काही देवभोळ्या गळ्यांची गोष्ट सांगते. ही माणसं धर्मानं ज्यू, म्हणजे यहुदी. पण सुरुवात करू या आपल्या शेजारापासूनच.

मीरा-भाईंदरच्या एकेका इमारतीत सकाळी किती तऱ्हेची भक्ती जागी होते! कुठे भूपाळी, कुठे जैन स्तवन, कुठे अजान, तर उत्तनकडे चर्चची घंटा. इथूनच घोडबंदर रस्त्यानं ठाण्याला गेलात, तर तिथे 1879 साली बांधलेलं यहुदी प्रार्थनामंदिर आहे, शार हाशामाइम. तिथे जमणारे बेने इस्राएल लोक मूळचे आपल्या कोकणातले. आडनावं दिवेकर, पेणकर, किहीमकर, आणि घरची भाषा मराठी. पूर्वी गावोगावी त्यांचा तेलाचा घाणा असे. शनिवारी तो बंद म्हणजे बंद! म्हणून लोक त्यांना शनवार तेलीच म्हणत.

कीर्तन आपलं, कथा त्यांची

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मंडळींनी एक सुरेख गोष्ट केली. आजूबाजूला हरिकीर्तनं होत, लोक त्यांत रंगून जात. ते पाहून त्यांच्यातल्या जाणत्यांनी स्वतःची कीर्तनं रचली. साक्या, दिंड्या मराठी, पण आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. शेजाऱ्याचं पातेलं आणलं आणि त्यात आपल्या घरचा पदार्थ शिजवला, असंच म्हणा ना! धर्मही सुटला नाही आणि घरच्या बायकामुलांना कळेल अशा बोलीत तो पोहोचला.

पुढे 1948 मध्ये इस्राएल देश झाला आणि बहुतेक कुटुंबं हळूहळू तिकडे गेली. कीर्तनकार कमी झाले. मग ही मराठी गाणी टिकली कुणामुळे? बायकांमुळे! त्यांनी ती वह्यांत उतरवून घेतली आणि एकत्र बसून म्हटली. तरीही या गाण्यांची ओळख राहिली ती आपापल्या समाजापुरतीच.

देवाचं गाणं गाणाऱ्यानं जरासुद्धा न बदलता सगळ्या जगानं त्याला डोक्यावर घ्यावं, असं घडतं का?

शुक्रवारची सांज

घडतं. ईशाय रिबो नावाचा एक गायक आहे. जन्म 1989 चा, फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातला. तो आठ वर्षांचा असताना घरची मंडळी इस्राएलमध्ये येऊन राहिली. आईवडील कडक धर्माचरणाकडे वळले होते, त्यामुळे मुलाचं शिक्षणही धार्मिक शाळेत झालं. हाती गिटार आली आणि तो स्वतःच गाणी रचू लागला. 2014 साली पहिला संग्रह निघाला.

त्याच्या गाण्यांत असतं काय? देवाची आळवणी, चुकल्याची कबुली, घरी परतण्याची ओढ. 2019 मध्ये तर त्यानं एक लांबलचक गाणं केलं. प्राचीन जेरुसलेमच्या मंदिरात प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य पुरोहित काय काय विधी करी, त्याचं त्यात वर्णन. असं पोथीतलं गाणं कोण ऐकणार, असं वाटेल. पण ते रेडिओवर वाजलं आणि ज्यांनी कधी उपासतापास केले नाहीत अशा लोकांच्याही ओठी बसलं. सप्टेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भल्यामोठ्या सभागृहात हजारोंसमोर त्याची मैफल झाली. तिथे मुख्य गायक म्हणून गाणारा तो पहिला इस्राएली कलावंत.

आता यातली मेख ऐका. त्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळला की लागतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत चालतो. त्या वेळात वाद्याला हात लावायचा नाही, माइक नाही, प्रवास नाही. आणि गाण्याच्या धंद्यात शुक्रवारची रात्र म्हणजे ऐन कमाईची! आपल्या हलवायानं दिवाळीत दुकान बंद ठेवावं, तसंच की हे. पण ती रात्र सोडून द्यायची, हे आधीच ठरलेलं. डोक्यावरची छोटी टोपीही तशीच. लोक त्याच्या वेळेला आले, तो लोकांच्या वेळेला गेला नाही.

वेश की गाणं?

सगळ्यांनाच हे साधतं असं नाही बरं का. अमेरिकेत मातिस्याहू नावाचा एक गायक झाला. काळी टोपी, लांब दाढी, आणि गाणं मात्र जमैका बेटावरच्या रेगे ढंगाचं! 2006 च्या सुमारास त्याची गाणी तिथल्या लोकप्रिय यादीत झळकली. तोही शुक्रवारी रात्री गात नसे. पण डिसेंबर 2011 मध्ये त्यानं दाढी काढली. मग चर्चा सुरू झाली ती गाण्याची नव्हे, दाढीची! चाहत्यांतले कितीतरी जण हळहळले. लोकांनी आपला वेश उचलून धरला की आपलं गाणं, हे लोकप्रियतेच्या लाटेत चटकन कळत नाही, हेच खरं.

बायकांचं काय?

हा प्रश्न तुमच्या मनात कधीचा आला असेल. कर्मठ यहुदी रीतीत परक्या पुरुषांनी बाईचं गाणं ऐकू नये असा दंडक आहे. मग गळा असलेल्या बाईनं करायचं काय?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या दोघींनी 2011 साली यावर तोड काढली. पर्ल वोल्फ गाणार आणि पेटीसारखं कीबोर्ड वाजवणार, दालिया शुस्टरमन ड्रम बडवणार. ही दालिया चार मुलांची आई! त्यांच्या समाजातल्या बायका जाडजूड मोजे घालतात, त्यांना लोक थट्टेनं जे म्हणतात तेच नाव त्यांनी बँडला दिलं, 'बुलेटप्रूफ स्टॉकिंग्ज'. 2014 मध्ये मॅनहॅटनच्या एका क्लबात त्यांचा कार्यक्रम झाला, फक्त बायकांसाठी. आपली मंगळागौर आठवली की नाही? 2016 पर्यंत बँड चालला.

हा दंडक योग्य की अयोग्य, यावर वाद होईल आणि व्हायलाही हवा. "बाईनं गायचंच नाही" असं कुणी म्हणत असेल तर ते मुळीच ऐकून घेऊ नये. पण या दोघींनी एक दाखवलं. कुंपण आहे म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत, कुंपणाच्या आत अंगण केवढं आहे ते त्यांनी मोजून पाहिलं.

तुमच्या हातात काय आहे?

कुणी म्हणेल, ही मोठ्या लोकांची कौतुकं, आपल्याला काय त्यांचं? तर एवढं कराच.

फडताळातली गाण्यांची जुनी वही बाहेर काढा. सासूबाईंना, आईला येणारी ओवी, पाळणा, आरतीची जुनी चाल त्यांच्याच आवाजात मोबाईलवर उतरवून घ्या. उद्यावर ढकलू नका. बेने इस्राएल बायकांनी वह्या राखल्या नसत्या, तर ती मराठी गाणी आज कुणाला ठाऊक असती?

इमारतीतल्या चौघी-पाचजणी मिळून आठवड्यातून एक तास ठरवा. शेजारच्या जैन किंवा ख्रिस्ती मैत्रिणीलाही तिचं एक गाणं म्हणायला लावा आणि तुमचं तिला ऐकवा.

आणि त्या तासाला घरातल्या कामानं हात लावायचा नाही. शनवार तेल्याचा घाणा जसा बंद म्हणजे बंद, तसा त्या वेळी तुमचा गॅस बंद म्हणजे बंद. पहिल्या आठवड्यात घरात कुरकुर होईल. दुसऱ्या आठवड्यात चहा करून घेतील.