वसंतातील वजनदार स्मॉलमाउथ बास

उत्तर अमेरिकेतील निवळ, खडकाळ पाण्यात राहणाऱ्या स्मॉलमाउथ बास या माशाचा वरचा जबडा डोळ्याच्या मागे जात नाही, आणि लार्जमाउथ बासपासून तो वेगळा ओळखण्याची हीच सोपी खूण आहे. वसंतात पाणी सुमारे १० अंश सेल्सिअसपुढे तापू लागले की अंड्यांनी भरलेल्या, म्हणूनच वजनदार झालेल्या माद्या खोल पाण्यातून उथळ भागाकडे सरकतात. गळाला लागलेली अशी मादी जाळीत घेऊन ओल्या हातांनीच धरावी, कारण कोरड्या हाताने तिच्या त्वचेवरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. विणीनंतर घरट्याची राखण नर करतो; त्याला उचलून नेल्यास इतर मासे अंडी फस्त करतात, त्यामुळे त्याला तत्काळ सोडणे अत्यावश्यक ठरते. केंटकी-टेनेसी सीमेवरील डेल हॉलो जलाशयातील ११ पौंड १५ औंसांचा, म्हणजे सुमारे ५.४ किलोंचा जागतिक विक्रमी मासा मात्र वसंतात नव्हे, तर जुलै १९५५ मध्ये मिळाला होता.