अंकल म्हणजे नेमके कोण?

आपल्या घरातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी दिवसभरात 'अंकल' हा शब्द किती वेळा येतो, ते एकदा मोजून पाहावे. दूध टाकणारे अंकल, शाळेची व्हॅन चालवणारे अंकल, इमारतीचे वॉचमन अंकल, किराणा दुकानातले अंकल, अब्बूंच्या ऑफिसातले साहेब अंकल. संध्याकाळी गावाहून अब्बूंचे सख्खे भाऊ येतात, तेव्हाही अम्मी सांगते, "बेटा, अंकलना सलाम कर." मुलगा सलाम करतो, व्हॅनवाल्या अंकलना करतो तसाच.

शब्द सोयीचा आहे, यात वाद नाही. समोरच्याचे नाव माहीत नसले तरी चालते, वय विचारावे लागत नाही आणि आदरही राखला जातो. म्हणून तर तो आपल्या घरांत इतक्या सहज शिरला. आम्हाला इंग्रजीचे वावडे नाही. 'टेबल' आणि 'स्टेशन' आले तसा हाही आला. फरक एवढाच की टेबल आले तेव्हा घरातली दुसरी कोणतीही वस्तू बाहेर गेली नाही. 'अंकल' आला आणि चाचा, मामू, खालू, फुफा या चौघांना एकाच खोलीत कोंबून गेला. पाठोपाठ आलेल्या 'आंटी'ने चाची, मुमानी, खाला आणि फुफीचे तेच केले. उरलेल्या भावंडांना 'कझिन'ने गुंडाळले. चचाजाद की खालाजाद, चुलत की मामे, हे सांगायची गरजच उरली नाही.

गंमत अशी की हे तिन्ही शब्द जन्माला आले तेव्हा असे ढिले नव्हते. 'अंकल'चे मूळ लॅटिन भाषेतल्या 'अवुन्क्युलस' या शब्दात आहे. त्याचा अर्थ फक्त मामा. शब्दाची फोड केली तर 'छोटे आजोबा' असा अर्थ निघतो. वडिलांच्या भावासाठी लॅटिनमध्ये 'पात्रुउस' असा अगदी वेगळा शब्द होता. 'आंट' हा 'अमिता'वरून आला, म्हणजे फक्त फुफी. 'कझिन' ज्या 'कॉन्सोब्रिनुस'वरून आला, त्याचा मूळ अर्थ मावसभाऊ. जुन्या इंग्रजीतही चाचाला 'फॅडेरा' आणि मामाला 'एआम' म्हणत. 1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच बोलली जाऊ लागली आणि पुढच्या काही शतकांत हे घरगुती शब्द मागे पडत गेले. जिंकणाऱ्यांचा एक शब्द वर आला आणि चाचा-मामा त्यात विरघळले. आज आपल्या घरांत जे चालले आहे, ते इंग्रजांच्या घरांत कधीच होऊन गेले आहे.

त्यानंतर हा शब्द जगभर हिंडला आणि प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळा वास लागला. अमेरिकेच्या सरकारला 'अंकल सॅम' म्हणतात. 1812 च्या युद्धात सैन्याला मांस पुरवणाऱ्या सॅम्युएल विल्सन या व्यापाऱ्यावरून ते नाव पडले, असे मानतात. इंग्लंडात जुन्या बोलीत वस्तू गहाण ठेवून पैसे देणाऱ्या दुकानदाराला अंकल म्हणत. अमेरिकेतली पोरे कुस्ती खेळताना हरलेल्याला 'अंकल म्हण' असे दरडावतात. म्हणजे 'हरलो म्हण'. सिंगापूरमध्ये टॅक्सीवाला अंकल आणि खानावळीतली बाई आंटी.

पण याच शब्दाला एक कडवट बाजूही आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात गोरे लोक वयस्कर कृष्णवर्णीय माणसाला 'अंकल' म्हणत, ते प्रेमापोटी नव्हे. त्याला 'मिस्टर' म्हणायचे नसे, म्हणून. मिस्टर म्हटले की बरोबरीचा दर्जा द्यावा लागतो. हॅरिएट बीचर स्टो यांच्या 1852 च्या कादंबरीतला अंकल टॉम याच काळातला, आणि पुढे त्याचे नाव शिवीसारखे वापरले जाऊ लागले. 'अंकल बेन' या नावाने विकल्या जाणाऱ्या तांदळाच्या कंपनीने 2020 मध्ये आपल्या नावातून 'अंकल' काढण्याची घोषणा केली, त्यामागे हाच इतिहास होता. नात्याचा शब्द नाते न देता वापरला की असेही होऊ शकते.

आपल्याकडे तो अपमान नाही. फार तर चाळिशीतल्या माणसाला मोबाइलच्या दुकानातला पोरगा अंकल म्हणाला की त्या रात्री केसांना मेंदी लागते, एवढेच. आणि परक्याला नात्याने हाक मारणे ही आपलीही जुनी रीत आहे. बसमध्ये 'चाचा, जरा सरका', दवाखान्यात 'मावशी, पाणी द्या', वाहतूक पोलिसाला 'मामा'. आकाशातला चांदसुद्धा आपला मामाच आहे. 'मून अंकल' अजून कोणी म्हटलेले ऐकले नाही. पण बसमधल्या परक्याला चाचा म्हणणाऱ्या मुलाला घरातला चाचा कोण, हे पक्के ठाऊक असे. शब्द घरातून बाहेर जात होता. आता बाहेरचा शब्द घरात येऊन बसला आहे.

आपल्या दीनमध्ये तर ही नाती नुसती हाक मारण्यापुरती नाहीत. कुरआनच्या सूरह नूरमध्ये कोणकोणाच्या घरी मोकळेपणाने जेवता येते, हे सांगताना चाचांची घरे, फुफींची घरे, मामूंची घरे आणि खालांची घरे असा चौघांचा वेगवेगळा उल्लेख आहे. अरबीत अम, अम्मा, खाल आणि खाला असे चार शब्द आहेत आणि चारही तिथे आले आहेत. वारसा हक्कातही तसेच. मुलगा, वडील, आजोबा, भाऊ, पुतण्या असे जवळचे वारस नसतील तेव्हा चाचा 'असबा' म्हणून उभा राहतो; हनफी फिकहनुसार मामूचा नंबर त्याच्या बराच मागे, 'जविल अरहाम'मध्ये लागतो. भारतात 1937 च्या शरीअत कायद्यामुळे हा फरक न्यायालयातही चालतो. तिथे 'अंकल' सांगून भागत नाही. परद्याचेही तेच: मुलीसाठी चाचा आणि मामू महरम आहेत, पण खालू आणि फुफा नाहीत. 'अंकल' म्हणून वाढलेल्या मुलीला पंधराव्या वर्षी हा फरक समजावायला बसावे लागते.

एक प्रसंग आम्हाला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. हिजरी 7 मध्ये उमरा आटोपून पैगंबर मुहम्मद (स.) मक्केहून निघाले, तेव्हा उहुदमध्ये शहीद झालेल्या हजरत हमजा (रजि.) यांची लहान मुलगी 'चाचा, चाचा' अशी हाक मारत मागे धावत आली. तिला सांभाळण्यासाठी तिघे जण पुढे झाले. हजरत अली (रजि.) म्हणाले, ही माझ्या चाचांची मुलगी. हजरत जैद (रजि.) म्हणाले, ही माझ्या भावाची मुलगी, कारण पैगंबरांनी हमजा आणि त्यांच्यात भाऊबंदकी जोडून दिली होती. हजरत जाफर (रजि.) म्हणाले, ही माझ्याही चाचांची मुलगी, शिवाय हिची खाला माझ्या घरात आहे. पैगंबरांनी (स.) निर्णय दिला तो खालाच्या बाजूने, खाला आईच्या जागी असते, असे सांगून. बाकीच्या दोघांचीही त्यांनी प्रेमाने समजूत घातली. बुखारीत ही हदीस आहे. तिघेही नात्यातलेच होते. निकाल लागला तो नेमके नाते काय, यावर. आपल्या मराठीत 'माय मरो पण मावशी उरो' असे म्हणतात, ते ऐकताना आम्हाला ही मुलगी आठवते. 'आंटी' म्हटल्यावर यातले काहीच आठवत नाही.

आणखी एक बाब आहे, ती बोलायला अवघड असली तरी टाळता येत नाही. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी 2012 मध्ये 'पॉक्सो' कायदा झाला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की अशा गुन्ह्यांत बहुतेक आरोपी मुलाच्या ओळखीतलेच असतात. त्यात नातेवाईकही असतात, म्हणून सख्खे नाते म्हणजे निर्धास्तपणा असे समजू नये. पण मूल घाबरून घरी येते आणि म्हणते, "अंकलने त्रास दिला," तेव्हा आईचा पहिला प्रश्न असतो, कोणत्या अंकलने? ज्या मुलाच्या जगात वीस अंकल आहेत, ते या प्रश्नाला गोंधळते, आणि गोंधळलेले मूल गप्प बसते. व्हॅनवाल्यांना त्यांच्या नावापुढे 'भाई' लावून आणि शेजाऱ्यांना घर नंबरसह ओळखायला शिकलेले मूल बोट दाखवू शकते. शिवाय प्रत्येक मोठ्या पुरुषाला 'अंकल, अंकल' करत त्याच्या मांडीवर बसायला आपणच सांगितले, तर नको म्हणायचे ते कोणाला, हे त्याला कसे कळावे?

यासाठी घरात इंग्रजी बंद करायची गरज नाही. शेजाऱ्यांना अंकल म्हणावे, शाळेतही म्हणावे. नातेवाइकांच्या वाट्याला मात्र त्यांचे शब्द राहू द्यावेत. ज्या घरात चाचा म्हणतात तिथे चाचा, ज्या घरात काका म्हणतात तिथे काका. मोबाइलमध्ये 'अंकल पुणे', 'अंकल दोन' असे नंबर साठवले असतील तर तिथूनच सुरुवात करता येईल. आखातात किंवा लंडनला असलेल्या भावांच्या मुलांशी व्हिडिओ कॉल होतो, तेव्हा 'हाय अंकल'ला 'मी तुझा कोण?' असे विचारून पाहावे. दोन-तीन कॉलनंतर उत्तर बरोबर येते.

ईदच्या दिवशी तर हा खेळच होतो. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मुलांनी विचारायचे, तुम्ही अब्बूंकडून आमचे कोण आणि अम्मीकडून कोण? काही घरांत एकाच माणसाची दोन-दोन नाती निघतात आणि मोठी माणसेही बोटांवर मोजायला लागतात. फुफांना चुकून खालू म्हटले, तर मात्र ईदी थोडी उशिरा मिळते.