हिमखंडाची वाट शाळेतून

६ डिसेंबर १९८१ रोजी पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. १९८३ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या डॉ. अदिती पंत होत्या. विद्यार्थिदशेत हाती आलेल्या ॲलिस्टर हार्डी यांच्या सागरविषयक ग्रंथाने त्यांना ही वाट दाखविली होती. आता २०३२-३३ मध्ये पाचवे आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष योजिले आहे. त्या वेळचे कित्येक तरुण संशोधक आज शाळेत आहेत. हिमाच्या नोंदी एका पिढीच्या सेवाकाळात पुऱ्या होत नाहीत. म्हणून वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने केवळ किनाऱ्यावरच नव्हे, तर सागरापासून दूर, बालाघाटातील किरनापूरसारख्या गावांतही ग्रंथ व व्याख्याते धाडावेत आणि नवोदितांसाठी मोहिमेत जागा राखाव्यात, असे आम्हांस वाटते.