रक्तांतील लोह

इटलींतील बोलोन्या येथें १८ व्या शतकांत मेंगिनी नांवाच्या वैद्यानें रक्त जाळून त्याच्या राखेजवळ लोहचुंबक नेला, तों कांहीं कण त्यास चिकटले! रक्तांत लोह असतें, हें डोळ्यांना दिसलें.

प्रौढ देहांत लोह अवघें ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे लहानशा खिळ्याइतकें. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश तांबड्या रक्तपेशींत राहून प्राणवायु देहभर पोंचवितें. या पेशी सुमारें १२० दिवसांनीं मोडतात. पण त्यांतील लोह शरीर टाकून न देतां नव्या पेशींसाठीं पुन्हां वापरतें. इतकी काटकसर एखादी दक्ष गृहिणीच करूं जाणे.

परंतु मासिक रक्तस्राव व गर्भारपण यांमुळें तूट पडते ती त्या गृहिणीच्याच देहांत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांस रक्तक्षय आढळला. लोहाची उणीव हें त्याचें एक मुख्य कारण होय.

डाळीवर व पालेभाजीवर लिंबू पिळल्यास त्यांतील लोह अधिक शोषलें जातें. जेवणालगतचा चहा त्यास अडथळा करतो. सर्वांचें आटोपल्यावर जेवावयास बसणारीच्या ताटांत डाळ-भाजी उरते काय, हें मात्र घरानेंच पाहावयास हवें.