बुरशीला काय लागते?

पावसाळ्यात भाकरी टोपलीत दोन-तीन दिवस राहिली, की तिच्यावर हिरवट-काळा थर चढतो. कोपऱ्यात पडलेल्या चामड्याच्या वहाणेवर पांढरा बुरा येतो. हीच बुरशी. ती येते कुठून?

ती हवेतून येते. बुरशीचे बी इतके बारीक असते, की ते डोळ्यांना दिसत नाही. वाऱ्याबरोबर ते सगळीकडे फिरते. ते मातीत असते, खळ्यावर असते, आपल्या घरातही असते. ते हाकलून लावणे कोणालाच जमायचे नाही.

मग वाळलेल्या पापडावर बुरशी का येत नाही? बी तर त्यावरही पडते. पण ते रुजत नाही. कोरड्या ढेकळात ज्वारी पेरली तर ती उगवेल का? तिला ओल हवी. बुरशीचेही तसेच आहे.

बुरशीला चार गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट खाद्य. झाड हिरव्या पानांत आपले अन्न स्वतः तयार करते. बुरशीला पाने नाहीत. ती आयत्या अन्नावर जगते. धान्य, लाकूड, चामडे, काहीही तिला चालते.

दुसरी ओल. ही सर्वांत महत्त्वाची.

तिसरी ऊब. शेंगांवर आणि मक्यावर येणारी पिवळट-हिरवी बुरशी २५ ते ३५ अंश उष्णतेत जोमाने वाढते. आपल्याकडे पावसाळ्यात आणि सुगीत एवढी ऊब असतेच.

चौथी हवा. लोणच्यावर आपण तेलाचा थर ठेवतो. त्याने हवा अडते आणि बुरशी धरत नाही.

ही पिवळट-हिरवी बुरशी नुसती धान्य खात नाही. ती त्यात विष सोडते. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत मक्याच्या पिकावर अवेळी पाऊस पडला. मका भिजला. तो नीट वाळला नाही आणि त्यावर बुरशी चढली. लोकांनी तोच मका खाल्ला. गावोगाव कावीळ झाली, पोटांत पाणी झाले. शंभरावर माणसे दगावली. त्याच घरांतले अन्न खाणारी कुत्रीही मेली.

धान्य धुतले, भाजले, शिजवले, तरी हे विष पुरते जात नाही. थोडे थोडे पोटात जात राहिले, तरी यकृत बिघडते. बुरसटलेले धान्य किंवा पेंड दुभत्या जनावराला घातली, तर विष दुधात उतरते. म्हणून "माणसाला नको, तर म्हशीला घाला," असे करू नका.

मग करायचे काय? बी हवेत आहे, ते आपल्या हाती नाही. ऊबही आपल्या हाती नाही. ओल मात्र आपल्या हाती आहे.

भुईमुगाला शेवटच्या महिन्यात पाण्याचा ताण पडला, तर शेंगा तडकतात आणि बुरशी आत शिरते. जमले तर त्या वेळी एक पाणी द्या. काढणी करताना शेंगा फोडू नका. फुटक्या आणि किडक्या शेंगा वेगळ्या काढा.

शेंगा पातळ पसरा आणि वरखाली करा. ढीग करून ठेवू नका. ढिगाच्या पोटात ओल कोंडते आणि ऊब वाढते. मग बुरशीला आणखी काय हवे?

शेंग कानाशी धरून हलवा. दाणे खुळखुळ वाजले, तर ती वाळली. मक्याचा दाणा दाताखाली धरा. कट्‌कन फुटला तर वाळला, दबला तर अजून ऊन द्या. मोजून सांगायचे, तर १०० किलो मक्यात १३ किलोंपेक्षा जास्त पाणी राहू नये. शेंगांत ते ८ किलोंपेक्षा जास्त नसावे.

पोती जमिनीवर ठेवू नका. खाली फळ्या घाला. भिंतीपासून हातभर अंतर सोडा. गळके छप्पर पावसाआधी शाकारून घ्या.

आणि एवढे करूनही बुरसटलेला दाणा दिसला, तर तो पुसून खाऊ नका. कडू लागलेला शेंगदाणा तोंडात आला, तर गिळू नका, थुंकून टाका. पोराबाळांनाही हे सांगा. मूठभर दाणे गेले तरी चालतील. घरचे माणूस जायला नको.