हाय टाइम्स
जमीरोक्वाय या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या लोकप्रिय गीतांचे ध्वनिमुद्रित संकलन. नोव्हेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध होताच ते ब्रिटनमधील विक्रीत प्रथम क्रमांकावर गेले. गायक जे के याने १९९२ मध्ये लंडन येथे स्थापिलेला हा वृंद, जॅझचे स्वरमेळ व फंकचा ठेका यांच्या संयोगातून घडलेल्या ॲसिड जॅझचा प्रमुख प्रतिनिधी होय. गीतांचा क्रम सामान्यतः कालानुसारी असल्याने शैलीतील स्थित्यंतर सहज लक्षात येते. ‘व्हेन यू गॉना लर्न’ (१९९२) या आरंभीच्या गीतात डिजरिडू या ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या सुषिर वाद्याचा घुमारा आहे. ‘कॅन्ड हीट’मध्ये (१९९९) डिस्को नृत्यसंगीताचा प्रभाव प्रबळ दिसतो. ‘व्हर्च्युअल इन्सॅनिटी’ (१९९६) हे गीत सरकत्या जमिनीचा भास निर्माण करणाऱ्या चित्रफितीमुळे गाजले. प्रत्यक्षात त्या चित्रीकरणात जमीन स्थिर असून भिंती हलविल्या होत्या. या ख्यातीत गीताचा सहरचनाकार व कळफलक-वादक टोबी स्मिथ याचे नाव मात्र मागे पडले. संकलनातही निव्वळ वाद्यरचनांना स्थान नसल्याने स्मिथ व बेस गिटारवादक स्टुअर्ट झेंडर यांच्या वादनाची खरी व्याप्ती कळण्यास मूळ गीतसंग्रहच ऐकावे लागतात. ‘रनअवे’ व ‘रेडिओ’ ही दोन गीते संकलनासाठी नव्याने समाविष्ट केलेली आहेत.